मागे बसलेला गृहस्थ

लोक गायकाला पाहायला जातात. आमचे दादा ड्रमवाल्याला पाहायला गेले. ७ एप्रिल २००३ रोजी मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर 'रोलिंग स्टोन्स' आले, तेव्हाची गोष्ट. दादांची साठी उलटलेली आणि कान जवळजवळ गेलेले. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, यांना ऐकू येत नाही. तिकिटाचे पैसे कशाला पाण्यात घालता?" मला उत्तर सुचेना.

सगळी गर्दी मिक जॅगरवर खिळलेली. एकोणसाठ वर्षांचा हा बुवा पोरासारखा धावत होता! दादांचे तिकडे लक्षच नाही. मागे मोजकेच ड्रम मांडून, पोस्टमास्तराच्या चेहऱ्याने चार्ली वॉट्स बसलेला. तो पडद्यावर दिसला की दादा माझे मनगट धरत. "हात बघ, हात!"

वॉट्सची एक लकब होती. डाव्या हाताचा ठोका पडताना उजवा हात झांजेवरून अलगद उचलायचा, म्हणजे ठोका मोकळा पडतो. तबकड्यांवरून हे मला कधी कळले नव्हते. दादांची बोटे मनगटावर ताल देत होती. मी ताडून पाहिले; एकही मात्रा चुकली नाही. (माझ्या दोन चुकल्या.)

२४ ऑगस्ट २०२१ रोजी वॉट्स वारला. मी कागदावर लिहून दाखवले. "वय?" त्यांनी विचारले. मी ८० लिहिले.

"माझ्याहून एका वर्षाने मोठा," म्हणाले आणि तबकडी लावायला सांगितली. मग पेटीच्या लाकडावर तळवा टेकून बसून राहिले.