पेशंटबरोबर आलेली बाई

हॉस्पिटलात केसपेपरवर पेशंटचं नाव असतं. त्याच्याबरोबर आलेल्या बाईचं नाव कुठेच नसतं. "पेशंटबरोबर कोण आहे?" असा पुकारा झाला की ती उठते. औषधांची चिठ्ठी, तपासण्यांचे कागद, बिल हे सगळं तिच्या हातात येतं. नवऱ्याला काय झालंय आणि पुढे काय होणार आहे, हे मात्र तिला कुणी सांगेलच असं नाही. वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना हे मी रोज पाहते. एमएसडब्ल्यू करताना केस-रेकॉर्डमधला 'कुटुंबाचा आधार' हा रकाना भरायला शिकवतात. पेशंट पुरुष असेल तर त्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द पडतो : पत्नी. पत्नीच पेशंट असेल तर मात्र पेन अडखळतं.

प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका आलेल्या पुरुषांच्या बायकांबद्दल मला लिहायचं आहे. आमच्या गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "पुरुषांच्या दुखण्यांची काळजी करायला सारं जग आहे. नवऱ्याची सेवा कशी करावी हे शिकवायला आपण संघटना काढली का?" प्रश्न रास्त आहे. सेवेचे धडे बायकांना नव्याने द्यायची गरजच नाही. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या बिनमोल कामात जातात असं दिसलं, पुरुषांची ९७. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्यांत बायकांची १३४ मिनिटं आणि पुरुषांची ७६. घरात दुखणं आलं की बायकांच्या मिनिटांत भर पडते, हे सांगायला पाहणी लागत नाही. म्हणूनच माझं म्हणणं आहे की ही सेवा करणाऱ्या बाईला माहितीचा, बोलण्याचा आणि 'हे मी एकटीने करणार नाही' असं म्हणण्याचा हक्क आहे की नाही, हा आपल्या चळवळीचाच प्रश्न आहे.

आधी आजाराबद्दल थोडं. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असलेली छोटी ग्रंथी. पन्नाशीनंतर ती बहुतेकांची वाढते आणि ती वाढ बहुतेक वेळा साधीच असते. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागणं, धार बारीक होणं, ही वाढीचीही लक्षणं आहेत. कॅन्सर सुरुवातीला बऱ्याचदा काहीच लक्षण दाखवत नाही. रक्तातली पीएसए ही तपासणी केली की आकडा ४ च्या वर असल्यास पुढे पाहतात. पण जंतुसंसर्गाने, नुसत्या वाढीनेही तो आकडा चढतो. ४ ते १० च्या दरम्यान आकडा असलेल्यांपैकी बहुसंख्य पुरुषांच्या बायोप्सीत कॅन्सर सापडत नाही. म्हणजे आकडा वाढला हा निकाल नव्हे, ती फक्त शंका. आणि कॅन्सर सापडला तरी तो प्रत्येक वेळी धावत सुटणारा नसतो. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातला प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या १६४३ पुरुषांचा अभ्यास झाला. काहींना ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर नुसती नियमित देखरेख. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचे निष्कर्ष आले : तिन्ही गटांत मिळून सुमारे ९७ टक्के पुरुष या आजाराने दगावले नव्हते. आपल्याकडे दुःख हे आहे की अनेक पुरुष कंबरेची हाडं दुखू लागल्यावर, आजार पसरल्यावरच दवाखान्याची पायरी चढतात. लघवीच्या तक्रारी चारचौघांत बोलायच्या नसतात, अशी शिकवण त्यांनाही मिळालेली असते.

हा प्रश्न माझ्या घरातही येऊन गेला. सासऱ्यांना हा आजार झाला होता, म्हणून डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला ४७ व्या वर्षीच पीएसए करायला सांगितलं. आकडा ६.८ आला. पुन्हा तपासणी, एमआरआय, बायोप्सी आणि रिपोर्ट यांत सात आठवडे गेले. बायोप्सीत कॅन्सर निघाला नाही. आता दर सहा महिन्यांनी पीएसए करायचा आहे. त्या सात आठवड्यांत मला नातेवाइकांचे कितीतरी फोन आले. "तू खंबीर राहा." "त्याच्यासमोर रडू नकोस." "त्याला घरातलं काही सांगत बसू नकोस." त्याला मात्र "तिच्याशी बोल" असं एकानेही सांगितलं नाही. रात्री दोघंही जागे असायचो आणि दोघंही झोपल्याचं सोंग करायचो. आपल्या समाजात आधार देणं म्हणजे बाईने आपली भीती गिळून टाकणं, एवढाच अर्थ उरला आहे.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही बसून बोललो आणि कामं वाटून घेतली. स्वतःची फाईल त्याने स्वतः सांभाळायची. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न दोघांनी मिळून लिहायचे. "हा आजार आपल्या घरात आहे, तूही तपासून घे," हे त्याने आपल्या भावाला स्वतः सांगायचं. ते जावेमार्फत पोचवायचं नाही. बायोप्सीच्या दिवशी कोर्टात आमच्या केंद्रातल्या एका बाईच्या पोटगीची तारीख होती. नवऱ्याबरोबर त्याचा भाऊ गेला, मी कोर्टात गेले. "बायको असून भावाला जावं लागलं!" असं नातेवाइकांत बोललं गेलं. भावाने त्या दिवशी जे केलं ते मी केलं असतं तर त्याची कुणी दखलही घेतली नसती. अशा वेळी नवऱ्याजवळ आपलं माणूस असणं गरजेचं असतं. ते माणूस दर वेळी बायकोच असली पाहिजे, असा नियम कुठल्याही वैद्यकाच्या पुस्तकात नाही.

माझ्यापाशी शिक्षण होतं, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारायची सवय होती. पण ओपीडीत येणाऱ्या मावशींचं काय? त्यांतल्या एकींच्या नवऱ्याचा कॅन्सर पसरला होता. त्यांचे वृषण काढण्याचं ऑपरेशन झालं होतं. हा उपचार योग्यच होता. पुरुषी संप्रेरकावर हा कॅन्सर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. ते संप्रेरक बंद करायला इंजेक्शनंही आहेत, पण ती वर्षानुवर्षं विकत घेणं गरिबाला परवडत नाही. ऑपरेशन एकदाच होतं. मावशींना मात्र "लघवीचं ऑपरेशन" एवढंच सांगितलं होतं. नवरा जवळ येईना, एकाएकी घामाघूम व्हायचा, चिडचिड करायचा. "माझंच काही चुकलं असेल, नाहीतर बाहेर कुणी असेल," असं त्यांनी वर्षभर मनात धरलं. पुरुषाला पाळी जाताना बाईला येतात तसे गरम वाफांचे झटके या उपचाराने येतात, इच्छा कमी होते, हे कुणी पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर ते वर्ष वाचलं असतं.

इथे आपल्याला सावधपणे बोलायला हवं. बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही मागण्याची रीत आपण सतत नाकारली आहे. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे, तरी दवाखान्यात "मिस्टरांना घेऊन या" असं सांगतात आणि आपण भांडतो. मग नवऱ्याच्या उपचाराला बायकोची सही हवी, असं आपण म्हणू शकत नाही. त्याचं शरीर, निर्णय त्याचा. त्याचा आजार कुणाला सांगायचा हेही त्यानेच ठरवायचं. पण डॉक्टरांनी त्याला एवढं विचारायला काय हरकत आहे, "यातल्या काही गोष्टींचा परिणाम तुमच्या बायकोवरही होणार आहे, त्यांना आत बोलवू या का?" आणि तो हो म्हणाला तर तिला दाराशी उभं न ठेवता खुर्ची द्यावी. माझी मागणी एवढीच आहे.

आणखी एक गोष्ट. प्रोस्टेट काढण्याच्या ऑपरेशननंतर काही काळ लघवी थेंबथेंब गळते. पुरुष त्याने खचतो, बाहेर जाणं टाळतो. बाई कपडे धुते, अंथरूण बदलते, गप्प राहते. खोकताना, हसताना लघवी होणं हे बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं सोसतात आणि त्याला कुणी आजारही म्हणत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सैल सोडण्याचा जो व्यायाम त्याला सांगतात, तोच तिच्याही कामाचा आहे. तो शिकवताना तिलाही शिकवा, एवढं मी आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना सांगत असते.

मारझोडीबद्दलही स्पष्ट लिहिते. भ्यालेला पुरुष कधीकधी हात उगारतो. सासर-माहेर दोन्हीकडचे म्हणतात, "आजारी माणूस आहे, सोस." २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आजारी नवऱ्यासाठी सवलत ठेवलेली नाही, आपणही ठेवू नये. आणि जिला वीस वर्षं मारहाण सोसावी लागली तिने आता शेवटी त्याची सेवा करायला नकार दिला, तर तिला निष्ठुर म्हणणाऱ्यांत आपल्या गटातली एकही बाई असता कामा नये. जी मनापासून करते तिचाही आदर, जी नाही म्हणते तिचाही.

आपल्या गटांनी काय करावं? आरोग्य शिबिरात आपण गर्भाशयाचं चित्र काढतो, त्याच्या शेजारी प्रोस्टेटचंही काढावं. बायोप्सीनंतर लघवीत थोडे दिवस, वीर्यात काही आठवडे रक्त दिसू शकतं, त्याला घाबरू नये. पण थंडी वाजून ताप आला तर रात्र असो की पहाट, लगेच दवाखाना गाठावा, हे तोंडपाठ करून घ्यावं. ज्या घरात आत्याला, आजीला स्तनाचा किंवा बीजांडाचा कॅन्सर झाला आहे, तिथल्या पुरुषांना ते डॉक्टरांना सांगायला लावावं, कारण काही घराण्यांत बीआरसीए नावाच्या जनुकातला एकच दोष या तिन्ही कॅन्सरच्या मुळाशी असतो. तो बापाकडून लेकीकडेही येतो. म्हणजे नवऱ्याचा रिपोर्ट कधीकधी मुलीच्याही आरोग्याचा कागद असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटायला बाईबरोबर गटातल्या दोघींनी जावं. आणि जाताना त्याच्या भावाला, मुलाला, मित्रालाही घेऊन जावं. तासभर रांगेत उभं राहिल्याने पुरुषाचं काही बिघडत नाही.

मैत्रिणींनो, नवऱ्याला साथ द्यायला माझा विरोध नाही; मी ती दिली आहे आणि पुन्हा वेळ आली तर देईन. पण डोळे बांधून चालवलेल्या बाईला आपण साथीदार म्हणत नाही. तिला आजाराचं नाव सांगा, बसायला जागा द्या, आणि तिच्या जोडीला आणखी एक माणूस द्या. हे मागणारा आवाज हॉस्पिटलांच्या रांगेतून आपोआप उठणार नाही. तो आपल्या गटांना उठवावा लागेल. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि काय ठरलं ते या अंकाकडे लिहून कळवा.