घरातली खाट आणि कायदा

गृह-आरोग्यसेवा म्हणजे रुग्णाच्या राहत्या घरी मिळणारे उपचार, शुश्रूषा आणि देखभाल. पक्षाघाताच्या रुग्णाची जखम धुवायला येणारी सिस्टर, खुब्याच्या ऑपरेशननंतर चालायला शिकवणारे फिजिओथेरपिस्ट, बारा तासांच्या पाळीवर राहणारी मावशी, भाड्याने आणलेले ऑक्सिजनचे मशीन, हे सगळे त्यात येते. पुण्या-मुंबईत हा आता मोठा धंदा आहे. जालना जिल्ह्यातल्या खेड्यात मात्र घरी येणारी आरोग्यसेवा म्हटली की आधी आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविकाच, आठवते.

तिच्या गृहभेटींचे मूळ गडचिरोलीत आहे. गावातल्याच बायकांना शिकवले तर नवजात बाळांचे मृत्यू घरच्या घरी कमी करता येतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवले आणि तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २०११ मध्ये ही पद्धत देशभर लागू झाली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करायचे, काखेत थर्मामीटर लावायचा, मग घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि दुसऱ्यांदाही तेच आले तर बाळाला दवाखान्यात पाठवायचे. या सगळ्या भेटींचा मिळून ठरलेला मोबदला २५० रुपये. शहरात मावशीच्या एका पाळीला याहून जास्त मोजावे लागतात.

बाळासाठी असे दिवस ठरलेले आहेत, म्हाताऱ्यांसाठी तसे नाहीत. दसरा झाला की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि गावात म्हातारी माणसे मागे राहतात. २०१०-११ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाण्याची तरतूद आहे. पण लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि नोंदवह्या सांभाळून उपकेंद्राच्या सिस्टरला त्यासाठी किती वेळ उरणार?

ज्यांना परवडते ते एजन्सी किंवा ब्युरोकडे जातात. कायद्याचे कोडे इथे सुरू होते. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांना लागू असलेला शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ चा आहे. रुग्णांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार करणारी जागा, हा त्याचा पाया. रुग्णाचे स्वतःचे घर या व्याख्येत बसत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्यामुळे घरी माणसे पाठवणाऱ्या संस्थेसाठी वेगळा आरोग्य परवाना असा नाहीच. दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी केली की काम सुरू.

माणसांवर मात्र नियम आहेत. डॉक्टरांची नोंद वैद्यक परिषदेकडे, परिचारिकेची १९६६ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, फिजिओथेरपिस्टची त्यांच्या राज्य परिषदेकडे असावी लागते, आणि नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. मावशीची नोंद कुठेच नसते. २००५ च्या कायद्याने सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला परवाना लागतो, रक्षकाचे प्रशिक्षण आणि चारित्र्य पडताळणीही लागते. म्हणजे फाटकावर उभ्या राहणाऱ्याची चौकशी कायद्याने होते, आणि रात्रभर आजाऱ्याच्या उशाशी बसणारीची होत नाही. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवण्याचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले होते. २०२४ मध्ये ती लोकसभा संपली आणि विधेयकही बारगळले.

नोंद नाही म्हणून मावशीच्या कामाची हद्द घरच्यांनाच सांभाळावी लागते. नाकातली नळी घालणे, लघवीची नळी बदलणे, शिरेतून इंजेक्शन देणे ही कामे सिस्टरची. बसवलेल्या नळीतून पातळ पेज देणे मावशीला शिकवता येते, पण त्याआधी रुग्णाला टेकून बसते करावे लागते, नाहीतर पेज फुप्फुसात उतरते. दर दोन तासांनी कूस बदलणे हे तिचे सर्वांत मोठे काम, कारण त्यात हयगय झाली की पाठीला, माकडहाडाशी जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत.

खर्च बहुधा खिशातूनच होतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. खासगी विम्यात घरच्या उपचारांचे कलम असते, पण ते रुग्णाला हलवता येत नसेल किंवा रुग्णालयात खाट मिळत नसेल तेव्हाचे. २०२० च्या ‘कोरोना कवच’ पॉलिसीने घरच्या उपचारांचा चौदा दिवसांपर्यंतचा खर्च मान्य केला होता. मावशीचा महिन्याचा पगार अशा कलमांत सहसा बसत नाही.

सेवेत कसूर झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक सेवाच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले आहे. मात्र ब्युरोचा व्यवहार बहुतेक वेळा फोनवर ठरतो आणि पैसे रोखीत जातात. पावती, कामाची लेखी यादी आणि येणाऱ्या माणसाच्या ओळखपत्राची प्रत नसेल, तर आयोगापुढे मांडायला हाती फारसे काही राहत नाही.