उत्तर नको, आधी कीर्द दाखवा

आपल्याकडची बरीच मुले-मुली हल्ली डेटा अ‍ॅनालिस्टचे शिक्षण घेत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या घरात माग चालला किंवा कापडाची पेढी चालली, आणि आता मुलगी संगणकावर सांगते की कोणता माल कोणत्या महिन्यात उठतो आणि कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी अडकण्याचा संभव आहे. आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु फी भरताना आपण फक्त नोकरी लागेल का एवढेच विचारतो. माग घेताना तो कोणत्या बनावटीचा हे दहा जणांना विचारणारे आपण, मुलांच्या हातात कोणते हत्यार देणार हे क्लासवाल्याला विचारत नाही.

जुन्या पेढीवर कीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी असे. कीर्दीत रोजचा व्यवहार जसा झाला तसा उतरवायचा. त्यात खाडाखोड चालत नसे. चुकले तर खाली दुसरी नोंद करून दुरुस्ती होई. वर्षअखेर तेरीज जुळली नाही, तर मुनीमजी पान उलटत उलटत मूळ नोंदीपर्यंत जात आणि चूक धरून आणत. आजच्या एक्सेलच्या कागदावर मूळ आकडे, सूत्र आणि उत्तर हे सगळे एकाच ठिकाणी असतात. एका कळीने मूळ आकडा पुसला गेला आणि फाइल तशीच साठवली, तर काय पुसले हे पुढे कोणाच्याच ध्यानात येत नाही. लहान हिशेबाला एक्सेल उत्तम आहे, माझ्या दुकानातही आहे. पण ज्याच्यावर लाखांची खरेदी ठरायची, तो हिशेब त्याच्यावर सोडणे मला पटत नाही.

सुताचेच उदाहरण घ्या. दुहेरी सुताचा काउंट आपण २/४० असा लिहितो. एक्सेलच्या साध्या रकान्यात तो टाकला की यंत्र त्याला तारीख समजते आणि फेब्रुवारी महिना करून टाकते. हे आपल्यासारख्यांपुरतेच आहे असे समजू नका. माणसाच्या शरीरातील जनुकांची जी इंग्रजी नावे महिन्यांसारखी दिसत, उदाहरणार्थ ‘सेप्ट १’ आणि ‘मार्च १’, त्यांच्याही तारखा होत. शेवटी नावे ठरवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीने ती नावेच बदलली. यंत्र सुधारले नाही म्हणून नाव बदलायचे, हा अजब न्याय!

ब्रिटनमध्ये २०२० साली याहून मोठी गोष्ट झाली. तेथील सरकारी आरोग्य खाते कोरोनाच्या तपासण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या धाटणीच्या फाइलीत गोळा करत होते. त्या फाइलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतील १५,८४१ रुग्ण रोजच्या गणतीतून गळाले, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्यास उशीर झाला.

अर्थशास्त्रातही असेच घडले. राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामांकित अर्थतज्ज्ञांनी २०१० साली लिहिले की, देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढ जवळजवळ थांबते. युरोपातील मोठमोठ्या मंत्र्यांनी खर्चकपातीसाठी त्याचा दाखला दिला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने लेखकांकडून त्यांची फाइल मागून घेतली. पाहतो तर सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देश घेतलेलेच नव्हते. पण त्याहून मोठी गफलत वजनाची होती. न्यूझीलंडच्या एका वाईट वर्षाला ब्रिटनच्या एकोणीस वर्षांइतकेच वजन दिले होते. म्हणजे वर्षातून एकदा येणारा गिऱ्हाईक आणि दर आठवड्याला गाठी उचलणारा गिऱ्हाईक एका तराजूत! सगळे दुरुस्त केल्यावर उणे ०.१ टक्क्याच्या जागी २.२ टक्के वाढ निघाली. लेखकांनी फाइल दिली हे त्यांच्या बाजूने म्हटलेच पाहिजे, नाहीतर हे कधी उघडकीस आले नसते.

यावर इलाज असलेले हत्यार फुकट मिळते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी ‘आर’ नावाची संख्याशास्त्राची भाषा तयार केली आणि १९९५ साली ती सर्वांसाठी मोफत खुली केली. तिची मूळ प्रेरणा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतली ‘एस’ भाषा. दुसरी म्हणजे पायथन. तिच्यातील ‘पांडाज’ हे साधन वेस मॅककिनी याने २००८ साली एका गुंतवणूक कंपनीत काम करताना सुरू केले. या दोन्हींत मूळ आकड्यांच्या फाइलीला हात न लावता काम करता येते. पहिली पायरी कोणती, कोणत्या ओळी वगळल्या, सरासरी कशी काढली, हे सगळे ओळीओळीने लिहिलेले राहते. पुढल्या महिन्यात नवे आकडे आले की तीच पाने पुन्हा चालवायची. ही कीर्दच झाली.

आता कोणी म्हणेल, लिहिलेल्या ओळीतही चूक होते. होतेच. पण ती ओळ दुसऱ्याला वाचता येते, हर्नडनने जशी पकडली तशी पकडता येते. कोणी म्हणेल, एक्सेल आठ दिवसांत येते आणि याला महिने लागतात. हेही खरे आहे. पण हातमागावर बसलेल्या पोराला हात बसायला किती महिने लागत, हे कारागिरांना मी सांगायला नको. आणि ज्या क्लासमध्ये लाखाच्या घरात फी घेऊन फक्त रंगीत आलेख काढायला शिकवतात, तिथे आपण काय विकत घेतो आहोत याचा विचार आई-वडिलांनी करावा.

व्यापाऱ्यांनीही एवढे करावे. अ‍ॅनालिस्टने अहवाल आणला की आलेख बाजूला ठेवून त्याच्याकडे मूळ फाइल आणि पायऱ्यांची फाइल मागावी. तुमच्यासमोर पुन्हा चालवून तेच उत्तर निघते का, हे पाहावे. दुसऱ्या एखाद्या मुलाला ती वाचायला द्यावी.

माझ्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांसाठी आणखी एक सांगतो. गिऱ्हाइकांची नावे उर्दूत किंवा मराठीत लिहिली की विंडोजवर पूर्वी ‘आर’मध्ये त्यांचा कचरा होई. २०२२ च्या ४.२ या आवृत्तीपासून ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर झाली आहे. तेव्हा जुन्या वहीतली नावे इंग्रजीत उतरवण्यात मुलांचा वेळ घालवू नका, आहेत तशीच टाकायला सांगा.