मुदतपूर्तीची तारीख नसलेली ठेव

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला इकडच्या लग्नाकार्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘भावाचे कागद केले की नाही?’ माझ्या थोरल्या बहिणीने माझे कागद २००६ च्या आरंभी केले. तेव्हा माझी मुलगी दहा वर्षांची होती. आमचा नंबर लागला २०२४ च्या अखेरीस. तोवर मी बँकेतून निवृत्त झालो होतो आणि मुलगी अठ्ठावीस वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी. या अठरा वर्षांत कागद कुठे हरवला नाही की कुणी हयगय केली नाही. नियमच तसे आहेत. आणि ते न समजता अनेक घरे आपली गणिते मांडून बसतात.

अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने देशवार कोटा मोडून कुटुंबाच्या नात्याला प्राधान्य दिले. तिथल्या नागरिकाला आपली सज्ञान मुले आणि भावंडे यांच्यासाठी अर्ज करता येतो. पण १९९० च्या कायद्याने भावंडांसाठी वर्षाला ६५,००० आणि विवाहित मुलांसाठी २३,४०० व्हिसा ठरवले. तेही साऱ्या जगासाठी, आणि त्यांतच बायकामुले मोजून. शिवाय कोणत्याही एका देशाला एकूण व्हिसांपैकी सात टक्क्यांहून अधिक नाहीत. देश चिमुकला असो की एकशे चाळीस कोटींचा, कमाल मर्यादा तीच. म्हणूनच २०२५ साली भारतीय भावंडांचे २००६ चे अर्ज निघत होते आणि मेक्सिकोच्या भावंडांचे २००१ चे.

खरी मेख पुढेच आहे. एकविसावे वर्ष ओलांडले की मूल अर्जातून वगळले जाते. २००२ च्या कायद्याने थोडी सवलत दिली : अर्ज मंजूर करायला सरकारने घेतलेला वेळ मुलाच्या वयातून वजा होतो. मात्र मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षे वजा होत नाहीत, आणि सर्वाधिक काळ जातो तो तिथेच. अशा मुलांना आईवडिलांच्या अर्जाची जुनी तारीखही मिळत नाही, यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शिक्कामोर्तब केले. ज्या मुलीच्या भविष्यासाठी म्हणून आम्ही होकार दिला होता, तिलाच मागे ठेवून जायचे होते.

दुसरी बाजू बोलावणाऱ्याची. बँकेत मी असे अनेक जामीनदार पाहिले की ज्यांनी ‘नुसती सही’ म्हणून सही केली आणि पुढे हप्ते भरले. इथले हमीपत्रही नुसती सही नव्हे. आपले उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट आहे हे दाखवावे लागते, आणि येणारा माणूस नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांचे काम त्याच्या नावावर जमा होईपर्यंत ही जबाबदारी सुटत नाही. अर्ज केला तेव्हा ताई कमावती होती. नंबर लागला तेव्हा निवृत्तिवेतनावर. तेव्हा भाच्याने जोडजामीन व्हायची तयारी दाखवली. ज्याला अंगाखांद्यावर खेळवले, त्याच्या पगारावर साठीनंतर आपला भार टाकायचा, हे माझ्या मनाला पटेना. आम्ही नकार कळवला. ताई फोनवर बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, ‘आईला शब्द दिला होता रे मी.’

ही सोय कायम राहीलच असेही नाही. भावंडांचा वर्ग रद्द करणारे विधेयक २०१३ मध्ये तिथल्या सिनेटने संमत केले होते. प्रतिनिधिगृहात ते अडले म्हणून रांग टिकली.

मग कागद करूच नयेत काय? जरूर करावेत, बहिणीची माया नाकारू नये. पण ही मुदतपूर्तीची तारीख नसलेली ठेव आहे. तिच्या भरवशावर मुलांची शिक्षणे, घराची खरेदी, कुणाचे लग्न अडवून ठेवू नये. आणि ज्यांनी तिकडून अर्ज केला आहे, त्यांनी भावाला अपेक्षित वर्षांचा आकडा पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावा. त्या आकड्यापुढे आपल्या मुलांची वये लिहून पाहिली, तर निम्मा निर्णय तिथेच होतो. आमच्या घरात हा हिशेब २००६ सालीच मांडायला हवा होता.