अवमूल्यनाने वाचलेले बेट

हिंदी महासागरात, सेशेल्सच्या माहे या मुख्य बेटापासून अकराशे किलोमीटरहून अधिक दूर, नैर्ऋत्येला अल्डाब्रा नावाचे कंकणाकृती प्रवाळद्वीप आहे. सभोवार पोवळ्याच्या खडकाचे कडे, मध्ये विस्तीर्ण उथळ खाजण. गोड्या पाण्याची वानवा आणि पाय कापणारा धारदार खडक, यांमुळे कंत्राटी मजूर येत-जात राहिले. पण गाव असे येथे वसले नाही. म्हणूनच सुमारे एक लाख महाकाय कासवे येथे आजही मोकळेपणाने वावरतात. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात २००६ साली मरण पावलेले ‘अद्वैत’ हे वयोवृद्ध कासव याच जातीचे होते.

आसपासच्या बेटांवरील अशी कासवे खलाशांनी कधीच खाऊन संपविली होती. उरलेली तरी राखावीत, अशी विनंती चार्ल्स डार्विन आणि अन्य शास्त्रज्ञांनी १८७४ सालीच मॉरिशसच्या गव्हर्नरांना केली होती. खरे संकट मात्र सुमारे नव्वद वर्षांनी आले. १९६५ साली ब्रिटनने अल्डाब्रासह काही बेटे वेगळी काढून एक नवी वसाहत निर्माण केली आणि येथे लष्करी विमानतळ बांधण्याचा बेत आखला. डेव्हिड स्टॉडार्ट या भूगोलतज्ज्ञाने आणि रॉयल सोसायटीने कडाडून विरोध केला. टॅम डॅलिएल या खासदाराने संसदेत प्रश्नांचा भडिमार केला. सरकार बधले नाही.

बधविले ते तिजोरीने. १८ नोव्हेंबर १९६७ रोजी पौंडाचे अवमूल्यन जाहीर झाले. २.८० डॉलरचा पौंड २.४० डॉलरवर आला. संरक्षणखर्चाला कात्री लागली आणि त्याच महिन्यात अल्डाब्राचा बेत गुंडाळला गेला. शास्त्रज्ञांच्या लढ्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंतु निकाल ज्या रकान्याने दिला, तो भूतदयेचा नव्हता.

या हिशेबाला दुसरीही बाजू आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. त्याच वसाहतीतील दिएगो गार्सिया या बेटावर पुढे अमेरिकेचा तळ उभा राहिला. तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी माणसे होती. १९६८ ते १९७३ या काळात तेथील व शेजारच्या चागोस बेटांवरील दीड-दोन हजार रहिवाशांना मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडण्यात आले. कासवांची बाजू मांडायला लंडनमध्ये विद्वान होते. या माणसांची बाजू मांडायला तेव्हा फारसे कोणी पुढे आले नाही.

१९७६ साली सेशेल्स स्वतंत्र झाले, अल्डाब्रा त्यांना परत मिळाले आणि १९८२ साली ते जागतिक वारसास्थळ ठरले. सेशेल्स आयलंड्स फाउंडेशन ही संस्था त्याची देखभाल करते. तिची अर्थव्यवस्था मोठी उद्बोधक आहे. अल्डाब्रावर पर्यटक अगदी थोडे पोहोचतात, उत्पन्न जवळजवळ नाही. मात्र प्रालँ बेटावरील व्हॅले द मे हे दर्याई नारळाचे अरण्यही याच संस्थेकडे आहे. तेथील प्रवेशशुल्कावर अल्डाब्राचा खर्च भागतो; एका मिळवत्या भावाने दुसऱ्याला पोसावे तसा. कोविडच्या काळात पर्यटक थांबले, तेव्हा मिळवत्याचीच कमाई आटली.

आता संकट विमानाने येत नाही, लाटांवरून येते. २०१९ साली बारा स्वयंसेवकांनी पाच आठवडे खपून येथून २५ टन प्लॅस्टिक उचलले. खर्च आला सुमारे सव्वादोन लाख डॉलर. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने किनाऱ्यावर अजून ५०० टनांहून अधिक प्लॅस्टिक पडून आहे. त्यात रबरी चपलांचे ढीग आहेत, पण वजनाच्या हिशेबाने ८३ टक्के वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा व दोरांचा. ते सारे उचलायला सुमारे ४७ लाख डॉलर लागतील, असा हिशेब मांडला गेला आहे. ज्यांची ती जाळी, त्यांच्या खात्यावर हा खर्च अजून कोणी टाकलेला नाही.