‘लिहिलेले नाही’ असे कोण म्हणते?



आमच्या अभ्यासमंडळाने अमेरिकेची राज्यघटना आणि तिच्यामागचे वादविवाद वाचायला घेतले, तेव्हा पहिल्यांदा कपाळाला आठ्या पडल्या त्या आमच्याच कार्यकर्त्यांच्या. पोटगीच्या तारखा सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला येतो, त्यात हे साता समुद्रापलीकडचे कशाला? प्रश्न रास्त होता. त्यामुळे हा विषय आमच्यापुढे कसा आला ते आधी सांगते.

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्ज खटल्याचा निकाल दिला आणि १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने मान्य झालेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केला. जो हक्क आईला होता, तो मुलीला राहिला नाही. आपल्या चळवळीत आपण नेहमी गृहीत धरतो की एकदा मिळवलेले परत जात नाही, पुढचेच काय ते मिळवायचे उरते. हा निकाल ऐकून म्हणूनच आम्ही हादरलो. पण त्याहून विचार करायला लावणारे होते ते त्यामागचे कारण. बहुमताच्या न्यायाधीशांचे म्हणणे थोडक्यात असे : राज्यघटनेत गर्भपाताचा उल्लेख नाही. जो हक्क लिहिलेला नाही, तो देशाच्या इतिहासात आणि परंपरेत खोलवर रुजलेला असेल तरच मानता येईल. मग ही परंपरा शोधत न्यायालय १८६८ सालापर्यंत आणि त्याही मागे इंग्लंडच्या जुन्या कायदेपंडितांपर्यंत गेले.

इतिहास आणि परंपरा! हे दोन शब्द एकत्र आले की आपले कान टवकारतात. सल्ला केंद्रात ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ हे वाक्य ऐकले नाही असा आठवडा जात नाही. तेव्हा आम्ही ठरवले, ही पद्धत जिथे बसली, जिथे हे सगळे लिहिले गेले, त्या खोलीत कोण होते, काय बोलणे झाले, ते एकदा नीट वाचून काढू.

सुरुवात केली ती एका पत्रापासून. ३१ मार्च १७७६. जॉन ॲडम्स फिलाडेल्फियाला काँग्रेसमध्ये बसून इंग्लंडपासून स्वतंत्र होण्याची खटपट करत होते. त्यांची पत्नी ॲबिगेल मॅसॅच्युसेट्समध्ये शेत, मुले आणि युद्धाची धास्ती एकटीने सांभाळत होती. तिने लिहिले की तुम्ही नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, संधी मिळाली तर सगळेच पुरुष जुलमी होतील. आणि ज्या कायद्यात आमचा आवाज नाही, आमचे प्रतिनिधित्व नाही, तो आम्ही बंधनकारक मानणार नाही, प्रसंगी बंड करू, असेही गमतीच्या सुरात बजावले. लक्षात घ्या, इंग्लंडविरुद्ध वसाहतींतल्या पुरुषांचे भांडण नेमके हेच होते. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही. तिने त्यांचेच हत्यार त्यांच्यावर उगारले.

ॲबिगेलला देव्हाऱ्यात बसवण्याचे मात्र कारण नाही. तिने मताचा हक्क मागितलेला नाही, नवऱ्याच्या सत्तेला मर्यादा मागितली आहे. तिच्या माहेरी गुलाम होते. पण त्याच पत्रात, इतरांना गुलाम करण्याची सवय झालेल्यांना स्वातंत्र्याची खरी ओढ कितपत असेल, अशी शंकाही ती घेते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

जॉनचे उत्तर १४ एप्रिलचे. ते वाचून मंडळात हशा पिकला, तो ओळखीचा होता म्हणून. तुझ्या कायद्याला हसण्यावाचून मी काय करणार, असे तो म्हणतो. मुले ऐकेनाशी झाली, उमेदवार कामगार ऐकेनासे झाले, आदिवासी आणि गुलाम उद्धट झाले हे कानावर होते. पण या सगळ्यांपेक्षा संख्येने मोठी आणि ताकदवान अशी आणखी एक जमात नाराज आहे, हे तुझ्या पत्रावरूनच कळले. आमची पुरुषी व्यवस्था आम्ही मोडणार नाही, ती तशी नावापुरतीच आहे, प्रत्यक्षात हुकूम तुमचाच चालतो! घरात खरी सत्ता बाईचीच असते, हे आपल्या सभांमधून पाठीमागच्या रांगेतून येणारे वाक्य अडीचशे वर्षांचे जुने आहे, हे त्या दिवशी कळले.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणींना ठाऊक असते. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते तिसरे पत्र. दीडच महिन्याने, २६ मे रोजी, जॉन ॲडम्स यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या जेम्स सुलिव्हन या राजकारणी पुरुषाला लिहिले. मताधिकारासाठी मालमत्तेची अट सैल करावी का, असा तो प्रश्न होता. इथे विनोद संपूर्ण गायब आहे. राज्य जनतेच्या संमतीवर उभे राहायचे असेल, तर बायकांच्या संमतीशिवाय त्यांच्यावर राज्य करण्याचा हक्क पुरुषांना कुठून आला, असा प्रश्न ॲडम्स स्वतःच विचारतात. उत्तरादाखल बायकांचा नाजूकपणा आणि घरातली कामे पुढे करतात. पण लगेच कबूल करतात की मालमत्ता नसलेला पुरुषही तितकाच परावलंबी असतो, त्याला बाहेर ठेवण्याची कारणे तीच आहेत. आणि इशारा देतात : हा विषय उघडू नका. एकदा उघडला की त्याला अंत नाही. बायका मत मागतील, बारा ते एकवीस वयाची पोरे मागतील, खिशात दमडी नसलेला प्रत्येक माणूस मागेल.

म्हणजे बायकोला उत्तर थट्टेने आणि मित्राला तर्काने. प्रश्न सुचलाच नव्हता असे म्हणायला जागा नाही. तो सुचला, त्याचा गुंता कळला आणि जाणूनबुजून झाकून ठेवला गेला. ‘त्या काळी कोणाच्या मनातच येत नव्हते’ हा आपल्याला नेहमी ऐकवला जाणारा युक्तिवाद निदान इथे टिकत नाही.

अकरा वर्षांनी, २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७, फिलाडेल्फियाच्या सभागृहात राज्यघटना तयार झाली. पंचावन्न प्रतिनिधी, सगळे पुरुष, सगळे गोरे. कामकाज गुप्त. जेम्स मॅडिसन यांनी रोज टिपणे ठेवली, ती छापली गेली थेट १८४० साली. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे लोकांना आपल्याच घटनेमागचे बोलणे पूर्ण ठाऊक नव्हते. मोठी राज्ये विरुद्ध छोटी राज्ये, केंद्र किती बळकट असावे, अध्यक्षाला किती सत्ता द्यावी, यावर उन्हाळाभर कडाक्याचे वाद झाले. सत्ता एका हाती एकवटू नये, एकाने दुसऱ्याला आवर घालावा, हा त्यांचा विचार मोलाचा आहे आणि तो शिकण्यासारखा आहे. पण सत्तेला आवर घालण्याचा हा सारा खटाटोप घराच्या उंबऱ्यापाशी थांबला. इंग्लंडच्या जुन्या कायद्यानुसार लग्नानंतर बाईचे कायदेशीर अस्तित्वच नवऱ्यात विलीन होई. तिला स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवता येत नसे, करार करता येत नसे. राजा गेला, पण हा कायदा तसाच राहिला.

मग त्या वादांत बायका कुठे होत्या? शोधल्यावर सापडल्या, मोजणीत! कोणत्या राज्याला किती प्रतिनिधी द्यायचे हे लोकसंख्येवर ठरणार होते. त्यासाठीच्या सुरुवातीच्या मसुद्यात स्वतंत्र माणसे मोजताना सर्व वयाची, सर्व स्थितीतली आणि स्त्री-पुरुष दोन्ही धरावीत, असे स्पष्ट लिहिलेले होते. अंतिम मजकुरात ते शब्द आटोपशीर झाले, पण अर्थ तोच राहिला. आणि गुलाम? पाच गुलाम म्हणजे तीन माणसे. ‘गुलाम’ हा शब्द मात्र मूळ घटनेत कुठेही नाही, ‘इतर व्यक्ती’ असा सोज्वळ उल्लेख आहे. गोरी बाई पूर्ण मोजली गेली, तिला मत नाही. काळी गुलाम बाई तीनपंचमांश मोजली गेली, आणि तिच्या त्या तीनपंचमांशाने बळ वाढले ते तिच्या मालकाच्या राज्याचे. एकाच ओळीत दोन प्रकारचे नाकारणे आहे. ते दोन्ही सारखे आहेत असे म्हणण्याची चूक आपण करता कामा नये. आपल्या चळवळीत दलित स्त्रियांनी आपल्याला हे पुरेसे स्पष्टपणे ऐकवलेले आहे.

मत कोणाला, हे घटनेने राज्यांवर सोडले. त्यातून एक विलक्षण गोष्ट घडली. न्यू जर्सीच्या १७७६ च्या संविधानात पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या सर्व प्रौढ ‘रहिवाशांना’ मत दिले होते. रहिवासी म्हणजे पुरुषच असे लिहिलेले नव्हते! विधवा आणि अविवाहित स्त्रिया मतदानाला जाऊ लागल्या (लग्न झालेलीला मालमत्ताच नाही, तर मत कुठले). पुढे तिथल्या निवडणूक कायद्यात ‘तो किंवा ती’ असे शब्दही आले. १८०७ मध्ये निवडणुकीतल्या गैरप्रकारांचा बोभाटा झाला, बायकांचे कपडे घालून पुरुषांनी दुबार मते दिल्याचेही आरोप झाले, आणि शिक्षा कोणाला? बायकांना आणि काळ्यांना. मत फक्त गोऱ्या पुरुषांपुरते ठेवले गेले. हक्क परत जातो हे आम्हाला २०२२ मध्ये नवे वाटले, अमेरिकेतल्या बायकांनी ते १८०७ मध्येच पाहिले होते.

आता ‘लिहिलेले नाही’ या मुद्द्याकडे येते. हा वादही घटनेच्या जन्माइतकाच जुना आहे. मूळ मसुद्यात नागरिकांच्या हक्कांची सनद नव्हती. अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे म्हणणे, तिची गरज नाही, उलट ती धोक्याची आहे. विरोधकांचे म्हणणे, सत्ताधाऱ्याच्या चांगुलपणावर विसंबून चालत नाही, हक्क कागदावर हवेत. या विरोधकांमध्ये १७८८ साली एक जहाल पुस्तिका निघाली, ‘एक कोलंबियन देशभक्त’ या टोपणनावाने. ती कित्येक वर्षे एलब्रिज गेरी या पुढाऱ्याच्या नावावर जमा होती. लेखिका होती मर्सी ओटिस वॉरन, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. खोलीत प्रवेश नव्हता, पण बाहेर उभे राहून लिहिता येत होते. तेही नाव झाकून.

शेवटी १७९१ मध्ये दहा दुरुस्त्या आल्या. यादी केली तर यादीत नसलेले हक्क नाहीतच असे कोणी म्हणेल, ही भीती मॅडिसन यांनाही होती. म्हणून नववी दुरुस्ती तेवढ्यासाठीच घातली : काही हक्क लिहिले म्हणून लोकांचे बाकीचे हक्क नाकारले गेले असा अर्थ काढू नये. माझ्या मते त्या सगळ्या मजकुरातले हे सर्वांत शहाणे वाक्य आहे. न्यायालये मात्र त्याच्यावर क्वचितच भिस्त ठेवतात.

आणि ज्या १८६८ सालात न्यायालयाने परंपरा शोधली, ते साल कोणते? चौदावी दुरुस्ती मंजूर झाली ते. गुलामगिरी नष्ट झाल्यावर सर्वांना कायद्याचे समान संरक्षण देणारी ही थोर दुरुस्ती, आणि तिच्यातच मतदारांच्या संदर्भात ‘पुरुष’ हा शब्द घटनेत पहिल्यांदा लिहिला गेला. तोवर वीस वर्षांपूर्वी सेनेका फॉल्सला परिषद होऊन गेली होती, १७७६ च्या जाहीरनाम्याच्याच साच्यात बायकांनी आपला जाहीरनामा मांडला होता. म्हणजे बायका मागत होत्या, आणि मागत होत्या म्हणूनच तो शब्द घालावा लागला. मत मिळाले १९२० मध्ये; दक्षिणेतल्या बहुसंख्य काळ्या स्त्रियांना ते प्रत्यक्ष बजावता आले १९६५ च्या कायद्यानंतर. समान हक्कांची दुरुस्ती १९२३ पासून मांडली जात आहे. अडतिसावे राज्य तिला राजी झाले २०२० मध्ये, तोवर मुदत संपून अडतीस वर्षे झाली होती. डॉब्ज निकालाशी असहमत तीन न्यायाधीशांनी हेच दाखवून दिले : चौदावी दुरुस्ती मंजूर करणाऱ्यांत बायका नव्हत्या, आणि त्या काळचे कायदे त्यांना पूर्ण नागरिक मानत नव्हते. ज्यांना खोलीत घेतले नाही त्यांच्या हक्काची नोंद त्या खोलीच्या दप्तरात सापडत नाही, यात नवल ते काय!

हा अभ्यास मराठीत अगदीच पहिल्यांदा होतो आहे असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. पंडिता रमाबाईंनी तो देश हिंडून पाहिला आणि १८८९ मध्ये त्याची राज्यपद्धती, तिथल्या स्त्रियांची स्थिती मराठीत सविस्तर लिहून ठेवली. त्या पुस्तकाबद्दल पुढच्या अंकात आमची एक मैत्रीण लिहिणार आहे.

एका वस्तीतल्या बैठकीत मी ॲबिगेलच्या पत्राची गोष्ट सांगितली. जॉनचे उत्तर ऐकून सगळ्या हसल्या. मागे बसलेल्या एका वयस्क बाईंनी विचारले, “मग ती गप्प बसली का?” मी सांगितले, तिने शेत चालवले, नवऱ्याच्या नावाने का होईना पैसे गुंतवले, वाढवले. आणि १८१६ साली, लग्न झालेल्या बाईला मृत्युपत्र करण्याचा अधिकार नसताना, स्वतःचे मृत्युपत्र लिहिले. जवळजवळ सगळे बायकांना दिले. नाती, भाच्या, सुना, घरात काम करणाऱ्या बायका. १८१८ मध्ये ती वारली. कायद्याने तो कागद शून्य किमतीचा होता. जॉन ॲडम्स यांनी तो पाळला.

“नसता पाळला तर?” बाईंनी पुन्हा विचारले. त्यानंतरचा बैठकीचा सगळा वेळ, तिथल्या कोणाकोणाच्या घराच्या कागदावर बाईचे नाव आहे, हे एकेकीला विचारून वहीत उतरवण्यात गेला.