धावपट्टी कोणासाठी?

१९६० साली अंकलेश्वरच्या भूमीत तेल लागले आणि पंडित नेहरूंनी तेथील पहिल्या विहिरीला ‘वसुधारा’ हे नाव दिले. १९६५ मध्ये वडोदऱ्यानजीक कोयली येथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तेलापाठोपाठ रसायनउद्योगही या परिसरात विस्तारला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी आमोद येथील समारंभात अंकलेश्वर विमानतळाच्या पहिल्या टप्प्याची पायाभरणी झाली. अशा छोट्या विमानतळाचा विचार बहुधा मालवाहतूक व उद्योजकांची सोय एवढ्यापुरताच होतो. आपण वैद्यकांनी मात्र त्याकडे रुग्णाच्या बाजूने पाहणे अगत्याचे आहे.

धावपट्टी झाली की जीव वाचतील, हे समीकरण फसवे आहे. वडोदरा आणि सुरत ही दोन्ही शहरे अंकलेश्वरपासून शंभर किलोमीटरच्या आत आहेत. एवढ्या अंतरासाठी रुग्णाला रुग्णवाहिकेतून विमानात व विमानातून पुन्हा रुग्णवाहिकेत हलविण्यापेक्षा सुसज्ज रुग्णवाहिका सहसा लवकर पोहोचते. शिवाय प्रत्येक हलवाहलवीत श्वासनलिकेतील नळी निसटण्याचा धोका असतो. विमानातील हवेचा दाब सुमारे आठ हजार फूट उंचीइतका कमी होतो, तेव्हा छातीत कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने प्रसरण पावते. वायुबाधा झालेल्या फुप्फुसांना प्राणवायूही कमी मिळतो. म्हणजे नळी घालणे, छातीतील हवा काढणे ही कामे उड्डाणापूर्वी जमिनीवरच व्हावयास हवीत. त्यासाठी धावपट्टीशेजारी सक्षम रुग्णालय हवे.

तरीही धावपट्टीचे मोल आहेच. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाला स्थिर केल्यानंतर ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स केंद्रासारख्या दूरच्या संस्थेत नेणे, त्वचापेढीतील त्वचा वा प्रत्यारोपणासाठीचे अवयव यांची ने-आण करणे, मोठ्या दुर्घटनेत तज्ज्ञ व प्रतिविषे आणणे, ही कामे विमानच शीघ्र करू शकते. दहेज येथे ३ जून २०२० रोजी रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात अनेक कामगार भाजले. सप्टेंबर २०२३ मध्ये नर्मदेच्या पुरामुळे भरूच-अंकलेश्वर दरम्यानची रेल्वे वाहतूक थांबवावी लागली. हे दोन्ही प्रसंग एकाच वेळी ओढवले तर काय, याचा विचार आजच करावयास हवा.

म्हणून आपली मागणी सुस्पष्ट असावी. आधी भरूच-अंकलेश्वर परिसरात भाजलेल्या रुग्णांसाठी पुरेशा खाटा व प्रशिक्षित कर्मचारी. मग धावपट्टीवर रात्रीच्या उड्डाणाची सोय आणि रुग्णवाहिकेला थेट विमानापर्यंत प्रवेश. कोणत्या रुग्णाला विमानाने न्यावे, हे वैद्यकीय निकषांवर ठरावे आणि ते निकष लेखी असावेत. खर्चाचा भार कारखानदारांच्या सामाईक निधीवर टाकावा.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. स्फोटाच्या वेळी यंत्राजवळ उभा असतो तो बहुधा कंत्राटी कामगार. विमानाचे भाडे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. धावपट्टी मालकाला वेळेवर बैठकीस नेणार असेल, तर तिने या कामगारालाही वेळेवर उपचारांपर्यंत नेले पाहिजे. हा आग्रह धरण्याचा अधिकार असे रुग्ण ज्यांच्या हाती येतात त्या आपणा डॉक्टरांना आहे, आणि ते आपले कर्तव्यही आहे.